वेबमेलमध्ये एचटीएमएल आणि मजकुरातली चित्रं: वाचण्यापासून रिप्लायपर्यंत

एका शिक्षणसंस्थेचं वेबमेल मी सांभाळतो. शाळा, कॉलेज, हॉस्टेल, मुख्य ऑफिस असे सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास मेलबॉक्स आहेत आणि बरीच वर्षं आमच्याकडे फक्त साध्या मजकुराचं मेल चालायचं. मग ऑफिसकडून मागणी आली की परिपत्रकाच्या डोक्यावर संस्थेचं बोधचिन्ह पाहिजे, तारखा ठळक पाहिजेत, वेळापत्रकाचा तक्ता मेलमध्येच दिसला पाहिजे, वेगळी फाइल उघडायला लागू नये. मागणी रास्तच होती. एडिटर बसवला, चित्र टाकायचं बटण दिलं, आमच्या आमच्यात पाठवून बघितलं, छान दिसलं, चालू करून टाकलं. पहिलं परिपत्रक चारशे पालकांना गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू, की वरती नुसती रिकामी चौकट दिसतेय. कारण काय, तर मेलबरोबर चित्र गेलंच नव्हतं, गेला होता फक्त आमच्या सर्व्हरवरच्या चित्राचा पत्ता, आणि तो पत्ता लॉगिन केल्याशिवाय उघडत नाही. आम्ही सगळे दिवसभर लॉगिन केलेलेच असतो म्हणून आम्हाला दिसत होतं.

मेल म्हणजे पत्र आहे, आणि पत्रातलं चित्र त्याच पाकिटात बसून गेलं पाहिजे. ही एक गोष्ट धरून ठेवली तर पुढचं बरंचसं आपोआप कळत जातं. तुमचं स्वतःचं वेबमेल असेल किंवा तुमच्या ॲपमध्ये मेल वाचायची-लिहायची सोय करायची असेल तर मी ज्या क्रमाने केलं असतं तर बरं झालं असतं त्या क्रमाने सांगतो. म्हणजे आधी वाचणं, मग लिहिणं, मग रिप्लाय. बहुतेक जण एडिटरपासून सुरुवात करतात कारण मागणी तिथून येते, पण अवघड काम वाचण्याच्या बाजूला आहे.

आधी पाकीट उघडून बघा

तुमच्या मेलबॉक्समधलं चित्रवालं कुठलंही एक मेल घ्या आणि त्याचा मूळ कच्चा मजकूर उघडा, जीमेलमध्ये 'मूळ दाखवा' म्हणून पर्याय असतो तो. हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोड लिहायला बसू नका. मेल मुळात नुसत्या अक्षरांसाठी होतं, त्यात चित्रं, आवाज, वेगवेगळ्या लिपी बसवायची सोय 'माइम' नावाच्या नियमांनी झाली, नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ते जून १९९२ मध्ये मांडले. ब्राउझरमध्ये मेल हा प्रकार लोकांपर्यंत पोचवणारं हॉटमेल ४ जुलै १९९६ ला सुरू झालं, आणि त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच, टी, एम, एल ही चार अक्षरं मुद्दाम मोठी काढलेली असायची. म्हणजे मेल आणि एचटीएमएल (वेबपान मांडायची भाषा) यांची सोयरीक जुनी आहे.

माइमची रचना म्हणजे पाकिटात पाकीट. सगळ्यात बाहेरचं पाकीट 'मल्टिपार्ट मिक्स्ड', त्यात मेलचा मजकूर आणि खऱ्या अर्थाने जोडलेल्या फायली, पीडीएफ वगैरे. मजकुराचं जे पाकीट असतं ते 'मल्टिपार्ट ऑल्टरनेटिव्ह', म्हणजे एकच गोष्ट दोन रूपांत, आधी साधा मजकूर आणि मग एचटीएमएल, आणि यातला क्रम महत्त्वाचा आहे कारण नियम असा की सगळ्यात चांगलं रूप सगळ्यात शेवटी, वाचणाऱ्याने शेवटून बघत यायचं आणि आपल्याला जमेल ते पहिलं रूप घ्यायचं. आणि त्या एचटीएमएलच्या जागी पुन्हा एक पाकीट, 'मल्टिपार्ट रिलेटेड', त्यात एचटीएमएल आणि त्याला लागणारी चित्रं एकत्र बांधलेली.

प्रत्येक चित्राच्या पार्टला, म्हणजे पाकिटातल्या त्या तुकड्याला, 'कंटेंट-आयडी' नावाचा हेडर (वरची माहितीची ओळ) असतो, लेस-दॅन ग्रेटर-दॅनच्या टोकदार कंसात, दिसायला मेल ॲड्रेससारखा, मधे ॲट आणि मागे डोमेन. एचटीएमएलमधल्या इमेज टॅगमध्ये पत्ता म्हणून 'सीआयडी', मग कोलन, आणि मग तोच आयडी लिहायचा, पण इथे कंस लिहायचे नाहीत. हेडरमध्ये कंस, टॅगमध्ये बिनकंसाचा. आमच्याकडे एक अख्खी दुपार याच कंसापायी गेली होती. या दोन्ही गोष्टींचे नियम ऑगस्ट १९९८ चे आहेत, आरएफसी (इंटरनेटचे नियम लिहिलेली कागदपत्रं) २३८७ आणि २३९२, दोन्ही छोटे आहेत, एका बैठकीत वाचून होतात, वाचाच.

पण जगातलं प्रत्येक मेल इतकं शहाण्यासारखं बांधलेलं नसतं. काही जण रिलेटेडच्या आत ऑल्टरनेटिव्ह घालतात, काही जण रिलेटेड वापरतच नाहीत आणि चित्रं थेट मिक्स्डमध्ये टाकून वर सीआयडीने बोलावतात, आयफोनवरून आलेल्या मेलमध्ये तर कधी थोडा मजकूर, मग चित्र, मग पुन्हा थोडा मजकूर असे पार्ट एकाखाली एक असतात. म्हणून चित्र शोधताना फक्त रिलेटेडच्या आत शोधू नका, अख्ख्या मेलमधल्या सगळ्या पार्टची एक यादी करा आणि त्यात आयडी जुळवा. आयमॅप (सर्व्हरवरचं मेल वाचायची पद्धत) सर्व्हर असेल तर आधी 'बॉडीस्ट्रक्चर' मागवा, त्यात सगळी रचना कळते, मग जे दाखवायचंय तेवढेच पार्ट आणा, नाहीतर दोन ओळींचं मेल उघडायला १५ एमबीची जोडलेली फाइल पण खाली उतरते आणि गावाकडच्या शाळेतल्या नेटवर ते मेल उघडतच नाही.

परक्याचं एचटीएमएल घरात घेताना

हा भाग नीट वाचा, घाई करू नका. मेल कोणीही पाठवू शकतं, आणि तुम्ही ते तुमच्या पानात दाखवताय, जिथे वाचणारा लॉगिन करून बसलाय. त्यात स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) चालली तर ती त्या माणसाच्या नावाने काहीही करेल, त्याचं मेल वाचेल, त्याच्या नावाने मेल पाठवेल. जून २००६ मध्ये याहू मेलमध्ये 'यामॅनर' नावाचा वर्म असाच पसरला होता, मेल नुसतं उघडलं की काम झालं, पत्ते गोळा करून स्वतःच पुढच्यांना जायचा. आणि हे जुन्या काळातलं म्हणून सोडू नका, ऑक्टोबर २०२३ मध्ये राउंडक्यूब या वेबमेल प्रोग्राममधली एक फट वापरून युरोपातल्या सरकारी मेलबॉक्सवर हल्ला झाला, एसव्हीजी (कोडमध्ये लिहिलेलं चित्र) टॅगमधून स्क्रिप्ट आत आली होती, आणि तिथेही मेल बघणं एवढंच पुरे होतं.

त्यामुळे पहिला नियम, काय काढायचं याची यादी करायची नाही, काय ठेवायचं याची करायची. 'स्क्रिप्ट टॅग काढून टाकला, झालं' असं ज्यांना वाटतं त्यांनी लक्षात घ्यावं की इमेज टॅगला 'ऑनएरर' लावून स्क्रिप्ट चालते, लिंकमध्ये 'जावास्क्रिप्ट' कोलन लिहून चालते, बेस टॅगने सगळ्या लिंका दुसरीकडे वळवता येतात, मेटा रिफ्रेशने अख्खं पानच दुसरीकडे जातं, आणि फॉर्म टॅगने तुमच्याच लॉगिनसारखी दिसणारी खोटी चौकट काढून पासवर्ड मागता येतो. परिच्छेद, ठळक, तिरकं, तक्ता, यादी, लिंक, चित्र, रंग, आकार, फॉन्ट एवढं ठेवा, बाकी सगळं बाहेर.

आणि हे गाळणं स्वतः रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) लिहून करू नका, प्लीज. पीएचपी असेल तर एचटीएमएल प्युरिफायर आहे, ब्राउझरमध्ये करायचं असेल तर डॉमप्युरिफाय आहे, दोन्ही वर्षानुवर्षं लोकांनी तोडायचा प्रयत्न करून करून पक्के झालेत. त्यांची नवी आवृत्ती आली की त्याच आठवड्यात बदला. आणखी एक, गाळून झालेल्या मजकुरावर नंतर स्वतःची काटछाट करू नका. आम्ही गाळल्यानंतर लिंका शोधून त्यांना टॅग लावायचो, म्हणजे बंद केलेलं दार परत किलकिलं करून ठेवण्यातला प्रकार. जे करायचं ते आधी, गाळणं सगळ्यात शेवटी.

दुसरी भिंत आयफ्रेमची, म्हणजे पानातल्या पानाची. मेलचा मजकूर तुमच्या पानात थेट ओतू नका, सँडबॉक्स (आतल्या पानावरची बंधनं) लावलेल्या आयफ्रेममध्ये दाखवा, आणि सँडबॉक्समध्ये स्क्रिप्टची परवानगी देऊ नका. आयफ्रेमची उंची मजकुराएवढी करण्यासाठी 'सेम ओरिजिन' ची (बाहेरच्या पानाला आतलं पान बघता येईल अशी) परवानगी लागते, ती दिली तर चालतं, पण ती आणि स्क्रिप्टची अशा दोन्ही एकत्र कधीच देऊ नका, कारण मग आतला मजकूर स्वतःचा सँडबॉक्स स्वतःच काढू शकतो. लिंका नव्या टॅबमध्ये उघडायला पॉपअपची परवानगी द्या. वरून सीएसपीचा (पानाने काय कुठून आणायचं ते ब्राउझरला बांधून देणारा) हेडर लावा की चित्रं फक्त आमच्याच चित्रांच्या पत्त्यावरून येतील, बाकी काही नाही. एका भिंतीला भोक पडलं तर दुसरी असावी एवढाच हिशोब. आयफ्रेमचा आणखी एक फायदा असा की आलेल्या मेलची सीएसएस (रंगरूपाचे नियम) तुमच्या पानाला लागत नाही. त्याआधी आमच्याकडे एका जाहिरातीच्या मेलने डावीकडचा अख्खा मेन्यू जांभळा केला होता.

आलेली चित्रं दाखवणं

सीआयडीवालं चित्र दाखवायचं म्हणजे इमेज टॅगमधला सीआयडी पत्ता काढून तिथे तुमच्या सर्व्हरचा पत्ता घालायचा, जो तो पार्ट उघडून चित्र देईल. आयडी जुळवताना टॅगमधल्या आयडीत टक्केवारीची चिन्हं घालून लिहिलेली अक्षरं असू शकतात, ती आधी उलगडून घ्या, हेडरमधले कंस आणि आजूबाजूच्या स्पेस काढा, मग जुळवा. चित्राचा पत्ता सहीवाला (सर्व्हरची खूण असलेला, दुसऱ्याला बनवता न येणारा) आणि थोड्या वेळापुरताच चालणारा करा, म्हणजे चित्रं वेगळ्या डोमेनवरून देता येतात आणि कुकीवर अवलंबून राहावं लागत नाही.

चित्र देताना पाठवणाऱ्याने जो प्रकार लिहिलाय त्यावर विश्वास ठेवू नका. जेपीजी, पीएनजी, जिफ, वेबपी, एवढे चार, फाइलचे पहिले बाइट बघून खात्री करा, 'नोस्निफ' हेडर लावा, म्हणजे ब्राउझर फाइलचा प्रकार स्वतः ठरवायला जात नाही. एसव्हीजी मात्र दाखवू नका. इमेज टॅगमध्ये त्याची स्क्रिप्ट चालत नाही हे खरं, पण कोणी राइट क्लिक करून चित्र नव्या टॅबमध्ये उघडलं की चालते, म्हणून एसव्हीजी फक्त डाउनलोडला द्या. आयफोनचे एचईआयसी फोटो पण येतात आणि क्रोममध्ये ते दिसतच नाहीत, सर्व्हरवर जेपीजी करून दाखवलेत तर लोक दुवा देतील.

बाहेरच्या सर्व्हरवरची चित्रं हा वेगळा विषय. ती दाखवली की पाठवणाऱ्याला कळतं मेल उघडलं, किती वाजता उघडलं, कुठल्या आयपीवरून उघडलं, त्यासाठी एक बाय एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र पुरतं. म्हणून ती आधी अडवा आणि वर एक पट्टी द्या, 'या मेलमधली बाहेरची चित्रं दाखवा'. अडवताना फक्त इमेज टॅग बघून भागत नाही, तक्त्याची बॅकग्राउंड, सीएसएसमधले यूआरएल, इम्पोर्ट, सोर्ससेट, व्हिडिओचं पोस्टर, सगळ्या वाटा आहेत. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून बाहेरची चित्रं स्वतःच्या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) द्यायला सुरुवात केली, म्हणून तिथे आपोआप दिसतात. तुम्हीही प्रॉक्सी करू शकता, पण ती प्रॉक्सी तुमच्या आतल्या नेटवर्कवरचे पत्ते उघडणार नाही याची खात्री करा, नाहीतर बाहेरचा माणूस मेलमधून तुमच्याच सर्व्हरला तुमच्याच घरातलं दार वाजवायला लावतो.

आता जोडलेल्या फायलींची यादी. इथे आम्ही एक चूक केली ती सांगतो. आउटलुकवरून येणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये सहीखालचा लोगो असतो, त्याला इमेज००१ असं काहीतरी नाव असतं, आणि प्रत्येक मेलला क्लिपचं चिन्ह दिसायचं म्हणून लोक वैतागले. मग मी नियम केला की ज्या पार्टवर 'इनलाइन' (मजकुरातच दाखवा) लिहिलंय तो यादीत दाखवायचाच नाही. आठवड्याभराने लेखा विभागातल्या ताईंचा फोन, 'सर, पालक म्हणतात फी भरल्याची पावती मेलला जोडलीय, माझ्याकडे तर मजकूरच आहे नुसता.' पावतीचा फोटो फोनवरून आला होता, त्यावर इनलाइन लिहिलेलं होतं, पण एचटीएमएलमध्ये त्याला कुणी बोलावलेलंच नव्हतं, त्यामुळे मजकुरातही दिसत नव्हता आणि यादीतही नव्हता. मेलमध्ये असूनही ती पावती कुणाला दिसत नव्हती, आणि त्या पालकांना दोन स्मरणपत्रं गेली होती, ते मला फार लागलं. तेव्हापासून नियम एकच. जो पार्ट आपण दाखवलेल्या एचटीएमएलमध्ये खरोखर वापरला गेलाय तोच यादीतून लपवायचा, बाकी सगळे दाखवायचे, मग त्यावर इनलाइन लिहिलेलं असो, कंटेंट-आयडी असो नाहीतर नसो. पीडीएफला पण कंटेंट-आयडी लावून पाठवणारे प्रोग्राम आहेत.

लिहिताना

एडिटर कुठलाही तयार घ्या, टायनीएमसीई घ्या नाहीतर दुसरा, स्वतः बनवू नका. बटणं मोजकी ठेवा. ठळक, यादी, तक्ता, लिंक, चित्र, रंग, आणि 'फॉरमॅटिंग काढा' हे बटण ठळक जागी, कारण लोक वर्डमधून पेस्ट करतात आणि वर्डबरोबर पानभर कचरा येतो.

चित्र आत येतं तीन वाटांनी. बटणातून फाइल निवडली, ओढून टाकलं, किंवा पेस्ट केलं. तिन्हीचं पुढे एकच करा, लगेच सर्व्हरवर ड्राफ्टच्या खात्यात चढवा, एडिटरमध्ये तात्पुरता पत्ता दाखवा, आणि इमेज टॅगवर एक स्वतःची खूण ठेवा की हे अमुक नंबरचं चित्र आहे. पाठवताना सर्व्हरने ती खूण बघून पत्ता काढायचा, सीआयडी घालायचा आणि चित्राचा पार्ट रिलेटेडमध्ये बांधायचा. लिहिणाऱ्याने मधेच चित्र खोडलं असेल तर ते पाठवायचं नाही, पण खोडल्या खोडल्या सर्व्हरवरून पुसू पण नका, माणूस कंट्रोल झेड मारतो आणि मग रिकामी चौकट येते. ड्राफ्ट सेव्ह करताना पण हेच, ड्राफ्टमध्ये पण चित्र बांधूनच ठेवा, म्हणजे ऑफिसमध्ये अर्धं लिहिलेलं मेल घरी फोनवर उघडलं तरी चित्र जागेवर असतं.

बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, चित्र थेट इमेज टॅगमध्येच कोंबायचं, ज्याला डेटा यूआरआय म्हणतात, ती वाट सोपी वाटते, बऱ्याच एडिटरमध्ये ती आपोआप चालू असते, बंद करा. जीमेल तसलं चित्र दाखवत नाही, विंडोजवरचं क्लासिक आउटलुकही दाखवत नाही.

वर्डमधून मजकूर आणि चित्र एकत्र पेस्ट केलं की चित्राचा पत्ता म्हणून त्या माणसाच्या सी ड्राइव्हमधल्या फाइलचा पत्ता येतो, ब्राउझर ती वाचू शकत नाही. पाठवण्याआधी तपासा, कुठल्याही इमेज टॅगमध्ये 'फाइल' कोलन उरलं असेल तर पाठवूच देऊ नका, सरळ सांगा, 'हे चित्र आलेलं नाही, वेगळं कॉपी करून परत पेस्ट करा'. आमच्याकडे हा निरोप मराठीत लिहिल्यापासून याबद्दलचे फोन थांबले.

आकाराचं बघा. फोनचा फोटो सहज ४ एमबीचा असतो, आणि मेलमध्ये जाताना बेस-६४ होतो, म्हणजे तीन बाइटचे चार, ४ एमबीचे साडेपाचच्या घरात जातात, तीन फोटो टाकले की १६ एमबी. म्हणून ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर काढून लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणा, तेवढं मेलमध्ये वाचायला भरपूर होतं. याचा एक मोठा फायदा असा की फोटोत लपलेली माहिती, कुठे काढला त्याचं जीपीएस वगैरे, ती पण निघून जाते, शाळेतल्या मुलांचे फोटो असतात तेव्हा हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फक्त फोटो आडवा होत नाही ना ते बघा, कारण फोटो उभा की आडवा हे पण त्याच लपलेल्या माहितीत असतं. आणि इमेज टॅगमध्ये रुंदी आकड्यात लिहा, विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ पासून वर्डच्या इंजिनवर पान काढतं, त्याला मॅक्स-विड्थ कळत नाही आणि बोधचिन्ह अख्ख्या स्क्रीनभर येतं.

सीएसएस शक्यतो प्रत्येक टॅगच्या अंगावरच लिहा, वरती वेगळा स्टाइलचा भाग काही ठिकाणी गाळला जातो. साध्या मजकुराचा पार्ट एचटीएमएलवरून आपोआप बनवा पण बनवा नक्की, त्यात चित्राच्या जागी त्याचा ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) टाका. ऑल्ट लिहायची जागा चित्र टाकतानाच विचारा. आमच्या एका शिक्षकांना दिसत नाही, ते स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात, त्यांना 'इमेज' एवढाच शब्द ऐकू येऊन काय कळणार.

मराठी मजकुराचं वेगळं काय

इंग्रजीतल्या कुठल्याही ट्युटोरियलमध्ये हे मिळणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. हा मजकूर क्वोटेड-प्रिंटेबलने (बेस-६४ सारखीच मजकूर साध्या अक्षरांत बदलायची दुसरी पद्धत) पाठवला तर प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात, ४५ झाली. बेस-६४ ने पाठवला तर २०. बऱ्याच लायब्रऱ्या इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून क्वोटेड-प्रिंटेबल लावून देतात, मराठी मेलला बेस-६४ सांगा, मेल निम्म्याहून लहान होतं. तसंच जीमेल १०२ केबीच्या पुढचं एचटीएमएल कापून 'पूर्ण मेल बघा' अशी लिंक दाखवतं, मराठी मजकूर तिप्पट जागा खातो म्हणून आपण तिथे लवकर पोचतो, लांबलचक परिपत्रक असेल तर वर्डचा कचरा साफ करणं आणखी गरजेचं.

विषयाच्या ओळीत आणखी एक गंमत आहे. हेडरमध्ये मराठी लिहिताना त्याचे छोटे छोटे एन्कोड केलेले तुकडे करतात, एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. त्यातली १२ अक्षरं तुकड्याच्या खुणेला जातात, उरलेल्यात बेस-६४ ची ६० बसतात, म्हणजे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं बरोब्बर. पण विषयात मधे स्पेस असते, ती १ बाइटची, मग हिशोब सरकतो आणि कोड बाइट मोजून कापणारा असेल तर एखाद्या अक्षराच्या पोटातच सुरी बसते, विषयात प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन दिसतात. नियमानुसार अख्खं चिन्ह एकाच तुकड्यात पाहिजे. 'वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ' असला लांब विषय टाकून तपासा. आणि वाचताना उलट करा, लागून आलेले तुकडे आधी बाइटच्या पातळीवर जोडा आणि मग उलगडा, म्हणजे दुसऱ्याने चुकीचं कापलेलंही नीट दिसतं.

जुने फॉन्ट विसरू नका. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख, शिवाजी, यांच्यात लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्टमुळे मराठी दिसतो. अजूनही काही ऑफिसांतून असा मजकूर एचटीएमएल मेलमध्ये पेस्ट होऊन येतो, आणि तुमच्या गाळणीने फॉन्टचं नाव काढून टाकलं की उरतो तो अगम्य इंग्रजी अक्षरांचा ढीग. म्हणून फॉन्ट टॅगचा 'फेस' आणि सीएसएसमधलं फॉन्टचं नाव ठेवायच्या यादीत घाला, निदान ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याला वाचता येईल. आपल्या एडिटरच्या फॉन्ट यादीत मात्र यातला एकही ठेवू नका, निर्मला, मंगल, नोटो, कोहिनूर असे युनिकोडवालेच.

ओळींमधलं अंतर पिक्सेलमध्ये बांधू नका, दीड-पावणेदोन पट ठेवा, नाहीतर रफार वरून कापला जातो आणि रुकार खालच्या ओळीत घुसतो. लेटर-स्पेसिंग मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. आणि एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे हे लँग ॲट्रिब्यूटने सांगा, ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श दिलेला आहे तिथे तो दिसतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. कोणी मुद्दाम बघत नाही, पण दिसलं की बरं वाटतं.

रिप्लाय आणि फॉरवर्ड

खरी परीक्षा इथे. आलेलं मेल दाखवताना तुम्ही सीआयडी काढून तुमच्या सर्व्हरचा पत्ता घातला होता. रिप्लाय करताना तेच एचटीएमएल एडिटरमध्ये आलं आणि तसंच पाठवलं तर समोरच्याला पुन्हा रिकामी चौकट, आणि तुमचा सहीवाला पत्ता परक्याच्या हातात गेला तो वेगळाच. म्हणून रिप्लाय उघडताना मूळ मेलमधली, मजकुरात वापरलेली चित्रं ड्राफ्टच्या खात्यात कॉपी करा, त्यांना तुमची खूण लावा आणि पाठवताना नवा कंटेंट-आयडी देऊन बांधा. जुना आयडी तसाच ठेवू नका, एकाच मेलमध्ये दोन वेगवेगळ्या रिप्लायमधून एकच आयडी असलेली दोन चित्रं आली की कुठलं कुठे दिसेल याचा नेम नाही. साध्या जोडलेल्या फायली रिप्लायमध्ये नेऊ नका, फॉरवर्डमध्ये न्या. आणि अडवलेली बाहेरची चित्रं रिप्लायमध्येही अडवलेलीच ठेवा, ही एक पळवाट हमखास राहून जाते, वाचताना अडवलेलं चित्र 'उत्तर द्या' दाबलं की एडिटरमध्ये गुपचूप उघडतं.

मूळ मजकूर एडिटरमध्ये टाकण्याआधी गाळलेला असला पाहिजे हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण एडिटर तुमच्या मुख्य पानात असतो, आयफ्रेमच्या भिंतीआड नाही.

तपासताना मी एकच मेल फिरवतो. आमच्याकडून बोधचिन्ह, तक्ता आणि फोटो असलेलं मेल जीमेलला, तिथून रिप्लाय आमच्याकडे, आमच्याकडून रिप्लाय आउटलुकला, तिथून फॉरवर्ड आयफोनवर, आणि तिथून परत आमच्याकडे. पाच मुक्काम करून आलेल्या मेलमध्ये तिन्ही गोष्टी शाबूत असतील तर ठीक. प्रत्येक मुक्कामाला वेबमेलमधून लॉगआउट होऊन किंवा खासगी विंडोत बघायचं, पहिल्या परिपत्रकाचा धडा तोच आहे.

आणि प्रिंट. आमच्याकडे महत्त्वाचं मेल आजही प्रिंट काढून फायलीला लागतं, त्यावर आवक क्रमांक पडतो, मग ते पुढे सरकतं. आयफ्रेम असलेलं पान तसंच प्रिंटला दिलं की एकच पान निघतं आणि खालचा मजकूर कापला जातो, त्यामुळे प्रिंटसाठी वेगळं पान करा, त्यातही तीच गाळणी आणि तीच सीएसपी, सगळी चित्रं उतरेपर्यंत थांबा आणि मगच प्रिंटची खिडकी उघडा. वरती पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वेळ आणि जोडलेल्या फायलींची नावं छापा, आणि डावीकडे जरा जास्त समास सोडा, पंचिंगचं भोक बोधचिन्हावर पडतं नाहीतर.